डबा रिकामा परत करू नये

या वेळी कोजागरीला पुण्यात होते. सोळा वर्षांत पहिल्यांदा. एरवी आमची वारी मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हा पुण्यात चंद्र कुठला दिसायला! शाळेतली आमची अकरा जणांची टोळी कोथरूडला एकीच्या गच्चीवर जमली. चारोळ्या घालायच्या की नुसते बदाम, यावर ठरलेलं भांडण झालं. दूध काही लवकर आटेना, तेव्हा कुणीतरी टूम काढली: प्रत्येकाने स्वतःची अशी एक खोड सांगायची, जी इतक्या वर्षांत इथल्या कुणालाच कळलेली नाही.

पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या माणसांत लपवण्यासारखं काही उरलं असेल असं मला वाटत नव्हतं. पण निघालं. बँकेत मॅनेजर असलेली आमची एक मैत्रीण, जिच्यापुढे भलेभले कर्जदार चाचरतात, ती रोज रात्री फ्रिजला ‘झोप आता’ असं सांगून दिवा मालवते. दुसरीकडे पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसच्या, तिकिटांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. २००७ साली पीएमटीची पीएमपीएमएल झाली तेव्हा तिने तो चिकटपट्टी लावून कायमचा बंद केला, संग्रह पूर्ण झाला म्हणून. आणि एक महाशय कॉलेजात असल्यापासून दर विसर्जनाला अलका टॉकीजच्या चौकात एकाच खांबाला टेकून उभे राहतात. मधे कधीतरी तो खांब बदलला. हे मात्र त्याच जागेवर. त्यांच्या बायकोला हे त्या रात्री कळलं. “म्हणजे तू ऑफिसच्या लोकांबरोबर जात नव्हतास?” एवढंच ती म्हणाली, पण आवाज बरा नव्हता.

पुण्याला याचं काय कौतुक म्हणा. या गावात देवसुद्धा आपापल्या तऱ्हेवरूनच ओळखले जातात. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. सदाशिव पेठेतल्या मुरलीधराला तर चक्क खुन्या म्हणतात, आणि तोही बिचारा निमूट ऐकून घेतो.

माझी पाळी आली तेव्हा मी डावा हात पुढे केला. मनगटावर बाबांचं एचएमटी जनता. चावीचं घड्याळ. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, भोंगा व्हायच्या आत सायकल स्टँडला लागली पाहिजे म्हणून हे घड्याळ कायम चार मिनिटं पुढे. मी लीड्सला निघाले तेव्हा त्यांनी ते काढून दिलं. “मला आता कुठे भोंगा गाठायचाय,” म्हणाले. ते घड्याळ मी हातात घालते हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की सोळा वर्षांत मी त्याची वेळ इंग्लंडची केलेली नाही. ते पुण्याचीच वेळ दाखवतं. मला लीड्समधली वेळ हवी असली की मी ते उलटं धरते.

कुणाचा विश्वास बसेना. मग दूध ढवळायचं सोडून सगळे माझ्या मनगटाभोवती गोळा झाले. हिवाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. पुण्यात दुपारचे साडेतीन झालेत असं समजा. आता घड्याळ उलटं करा, बाराच्या जागी सहा. मिनिटकाटा वर बाराकडे जातो, तासकाटा नऊ आणि दहाच्या मधे. म्हणजे तिकडे सकाळचे दहा. तासकाटा दोन घरांच्या मधे लटकलेला दिसतो खरा, पण अंदाज कधी चुकत नाही. बाबांच्या घड्याळाच्या तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत, त्यामुळे उलटं धरलं तरी डोळ्याला खटकत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि अंतर साडेचार तासांवर येतं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत माझी ही युक्ती बंद. ते सात महिने मी मोबाइलवर काढते. नवरा म्हणतो, चाळिशी उलटलेल्या बाईने मीटिंगमधे मनगट उलटंपालटं करून बघणं बरं दिसत नाही. त्याचं खरं आहे. पण माझ्या ऑफिसातल्या लोकांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. इंग्रज माणूस दुसऱ्याच्या चक्रमपणाकडे ज्या सभ्यतेने डोळेझाक करतो, ती पुण्याला जमायची नाही. पुण्यात तिसऱ्या दिवशी मला ‘उलट्या घड्याळवाली’ म्हणायला लागले असते.

या घड्याळाचं या खेपेला एक काम निघालं. चावी फिरवताना अडकत होती. बुधवार पेठेत एका बोळात दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावलेले एक काका. त्यांनी मागचं झाकण काढलं, फुंकर मारली, चिमट्याने काहीतरी काढून पुसलं, परत बसवलं. दहा मिनिटं.

“किती झाले?”

“काही नाही. मळ होता.”

मी म्हटलं, “थँक्यू हं काका, खूपच थँक्यू.” त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. “बाहेरून आलात का?” मी हो म्हटलं. “चावी रोज एकाच वेळी देत जा. तेवढं केलंत तरी पुष्कळ.” आणि पुढचं घड्याळ उचललं.

हे थँक्यूचं प्रकरण मला पुण्यात फार नडतं. रिक्षातून उतरताना मी धन्यवाद म्हटलं तर रिक्षावाल्याने आधी हातातले पैसे मोजले आणि मग मीटरकडे पाहिलं. वहिनीने पोळी वाढली, थँक्यू. भाच्याने चार्जर दिला, थँक्यू. शेवटी आईचा संयम सुटला: “अगं, हॉटेलात आलीयेस का?” आणि वरताण म्हणजे बाबा. घड्याळ नीट झाल्याचं सांगायला गेले आणि एकदम मनात आलं, एवढ्या वर्षांत आपण या माणसाचे घड्याळाबद्दल आभार मानलेलेच नाहीत. म्हटलं, “बाबा, थँक्यू. या घड्याळाबद्दल.” ते पेपर खाली ठेवून म्हणाले, “का गं? पैसे हवेत का काही?”

दोष त्यांचा नाही. आपल्याकडे आभार हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा मुद्दा असतो. लहानपणी बाबा मला वसंत व्याख्यानमालेला टिळक स्मारकात न्यायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मधे सुरू केलेली ही व्याख्यानमाला; वक्ता कोणीही असो, बाबा तल्लीन होऊन ऐकत. पण ‘आता आभारप्रदर्शन’ असं कुणी म्हणालं रे म्हणालं, की ते मला कोपराने ढोसत: “चल, चपला शोध.” आभार मानणं म्हणजे कार्यक्रम संपला, आपण आता एकमेकांचे कोणी नाही. घरच्या माणसाने आभार मानले तर त्याला काहीतरी संपवायचंय असं वाटणारच.

लीड्सला गेले तेव्हा नेमकी उलटी गत. तिथे लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. सगळे. शाळकरी पोरं, हुडी घातलेले टगे, काठी टेकत उतरणाऱ्या आजी. मी पहिले कित्येक महिने पीएमटीतून उतरावं तशी उतरत होते, म्हणजे बस थांबायच्या आधी, खालमानेने आणि कोपर बाहेर काढून. दुकानात एक दुधाची बाटली घेताना मी एकदा मोजलं: त्या काउंटरमागच्या मुलीने तीनदा आणि मी दोनदा आभार मानले. शिवाय यॉर्कशरमधे, म्हणजे लीड्स ज्या मुलखात येतं तिथे, अनोळखी माणूसही ‘लव्ह’ म्हणून हाक मारतो. भाजीवाला, प्लंबर, पोस्टात रांगेत मागे उभी असलेली बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गोरीमोरी झाले होते. आता कुणी लव्ह नाही म्हणालं तर वाटतं, चिडलाय की काय.

यॉर्कशरची माणसं मला रुजायला सोपी गेली याचं कारण ती पुणेकर आहेत. आपला मुलूख म्हणजे देवाचा स्वतःचा मुलूख, असं ती उघड म्हणतात. पैसा मोजून खर्च करतात आणि मत न मागता देतात. लीड्सला कर्कगेट मार्केट म्हणून जुना बाजार आहे. १८८४ साली तिथे मायकेल मार्क्स नावाच्या निर्वासित फेरीवाल्याने एका पेनीला काहीही असा गाळा टाकला आणि त्यातून पुढे मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या मंडईची इमारत उघडली, तेव्हा ती रे मार्केट होती. मी कर्कगेटला कोथिंबिरीची जुडी घेताना देठं निरखून बघते आणि तिथला भाजीवाला मंडईतल्या मावश्यांइतकाच वैतागतो.

आता माझी दुसरी खोड. ही गच्चीवर सांगितली नाही, कारण दूध आटलं. मला दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करता येत नाही.

नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. समोरच्या काकूंकडून आळूच्या भाजीची वाटी आली, तर वाटी घासून, पुसून, त्यात काहीतरी घालूनच परत जायची. घरात काहीच नसलं तर आई म्हणायची, “निदान चमचाभर साखर घाल.” थँक्यू वगैरे कुणी म्हणायचं नाही. मी नुसती वाटी पुढे करायची, काकू आत डोकावून म्हणायच्या, “हे कशाला!” आणि साखर डब्यात ओतून घ्यायच्या.

लीड्समधल्या आमच्या शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच फेब्रुवारीत त्या रूबार्बचं क्रंबल घेऊन आल्या. रूबार्ब म्हणजे गुलाबी देठांची आंबट भाजी, पण ते लोक तिचं गोड करतात. लीड्सच्या दक्षिणेला वेकफील्डपर्यंतचा पट्टा यासाठी नावाजलेला आहे. झाडं दोन वर्षं बाहेर शेतात वाढवतात आणि मग हिवाळ्यात उपटून अंधाऱ्या, उबदार शेडमधे ठेवतात. तिथे ती उजेडाच्या शोधात भराभर उंच होतात आणि देठं कोवळी राहतात. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात, कारण जास्त उजेड लागला की देठं निबर होतात. शांत उभं राहिलं तर कोंब फुटल्याचा टप्टप् आवाज ऐकू येतो. २०१० मधे या रूबार्बला युरोपातलं, आपल्या जीआयसारखं, संरक्षण मिळालं. म्हणजे त्यांचा हापूसच म्हणा.

क्रंबल संपलं आणि त्यांची काचेची थाळी माझ्या ओट्यावर. रिकामी कशी देणार? शिरा घालून दिली. आठवड्याने ती थाळी सफरचंदाचा केक घेऊन परत आली. मी साबुदाण्याची खिचडी. त्यांनी स्कोन. मी चकल्या. एप्रिलात त्यांच्या परसातल्या रूबार्बची पानं बघून माझे डोळे चमकले, थेट अळूची पानं! मी चार पानं मागून घेतली आणि बेसन भिजवलं. नशिबाने त्या कुंपणावरून विचारायला आल्या, पानं कशाला हवीत. मी वड्यांचं सांगितल्यावर त्या अशा किंचाळल्या की समोरच्या घराची खिडकी उघडली. देठ खातात, पान विषारी. त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. अळूची खाज आपण चिंचेने मारतो, पण इथे चिंच पुरी पडली नसती. त्या दिवशी मी खरोखरचं, पोटातून आलेलं थँक्यू म्हटलं. बेसनाची धिरडी केली आणि तीही थाळीतून गेली.

असं तीन वर्षं चाललं. मग एका रविवारी त्या दारात आल्या, हातात थाळी, थाळीत ब्रेड पुडिंग. म्हणाल्या, “हे बघ लव्ह, रागावू नकोस. माझी थाळी मला एकदा रिकामी देशील का? मुलीकडे जाताना मला ती हवी असते, पण तू ती भरून पाठवलीस की मला पुन्हा काहीतरी भाजावं लागतं.” त्या बिचारीला वाटत होतं की ही भारतातली रीत आहे आणि मोडली तर अपमान होईल. मला वाटत होतं त्यांनाच बेकिंगची हौस आहे. दोघी हसून हसून पायरीवर बसलो. थाळी मी रिकामी दिली. हात नुसता लटपटत होता. (दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटीतून मेथांबा नेऊन दिला. रूबार्बचा मेथांबा फक्कड होतो, गूळ जरा सढळ घाला.)

तर कोजागरी. रात्री एकला उठलो तेव्हा मैत्रिणीने जबरदस्तीने चिवडा बरोबर दिला, स्टीलच्या डब्यात. झाकणावर तिच्या आजीचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, खाली १९६२. मी आपली सवयीने म्हटलं, “थँक्यू गं.” ती म्हणाली, “थँक्यू राहू दे. डबा आणून दे.”

द्यायचा राहिला. निघायच्या गडबडीत तो कपड्यांच्या घडीत गेला आणि थेट लीड्सला बॅग उघडल्यावर हाती लागला. चिवडा पुण्यातच संपला होता. आता तो ओट्यावर आहे, धुऊन पुसून, आणि पुण्याला जायला अजून नऊ महिने आहेत. काल शेजारच्या बाईंना विचारलं, रूबार्ब-आल्याचा जॅम किती दिवस टिकतो?

“वर्षभर सहज,” त्या म्हणाल्या. “देते तुला एक बरणी. पण लव्ह, बरणी रिकामी परत दे.”