दुसरा लाइट पिशवीतच

हौसेनं फोटोसाठी एकदम दोन स्टुडिओ लाइट, म्हणजे मोठे फ्लॅश, घेतले. डोक्यातला हिशोब साधा होता: एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही सारख्याच पॉवरवर, म्हणजे सावलीची कटकटच नको. धाकट्या भावाला बसवून फोटो काढला. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट, नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली, आणि फोटोच्या तळाशी काळा पट्टा.

"लाइट खराब निघाले तुझे," भाऊ म्हणाला. मलाही तेच वाटलं.

पट्ट्याचं कोडं लवकर सुटलं. शटर मी १/५०० सेकंदावर ठेवलं होतं आणि माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वात जास्त वेग, १/२००. त्याच्या वर गेलं की सेन्सर पूर्ण उघडा असा क्षणच येत नाही. फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा थोडा आड असतो. सपाट चेहऱ्याचं मात्र काही कळेना. ओळखीतल्या एका जुन्या फोटोग्राफरना फोटो दाखवले. ते म्हणाले, "एक लाइट पिशवीत घाल. आणि माणूस नको, पांढरा चेंडू घे."

खरं सांगायचं तर राग आला. एवढे पैसे घालून चेंडूचे फोटो?

पण त्या चेंडूनं जे शिकवलं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. माझी पक्की समजूत होती की लाइट लांब नेला की प्रकाश मऊ होतो. ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) चेंडूपासून अडीच मीटरवर नेला, तर सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी. तोच अगदी जवळ, साधारण ६० सेंटीमीटरवर आणला आणि उजेडातून अंधारात जाणारी ती रेघ हळूहळू विरघळत गेली. चेंडूच्या जागेवरून बघितलं तर लाइट केवढा मोठा दिसतो, सगळा खेळ त्यावर. लांबचा सॉफ्टबॉक्स चेंडूच्या दृष्टीनं जवळजवळ बल्बच.

मग भिंतीची गंमत. मागची भिंत पांढरी, चेंडूपासून दीड मीटरवर. लाइट चेंडूपासून ३ मीटरवर असताना ती फोटोत फिकट करडी आली. लाइट अर्ध्या मीटरवर आणला, चेंडूचा उजेड तेवढाच राहील अशी पॉवर कमी केली, आणि भिंत जवळपास काळी! अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हे शाळेत पाठ केलं होतं. इथे चेंडू अर्ध्या मीटरवर आणि भिंत २ मीटरवर, म्हणजे अंतर चौपट, प्रकाश सोळावा हिस्सा, तब्बल ४ स्टॉपचा फरक (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). काळा पडदा विकत घेणार होतो, तो बेत रद्द.

आठवड्यानंतर भाऊ पुन्हा खुर्चीत. लाइट एकच, बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांच्या वर. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला तर गालावरची सावली फिकी झाली. त्याच जागी काळा कागद धरला तर गाल आत गेले. (हे त्याला फारच आवडलं.) नडला तो चष्मा. दोन्ही काचांत सॉफ्टबॉक्सची पांढरी खिडकी. लाइट आणखी वर घेतला, थोडी गेली. शेवटी चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलून ठेवल्या, काचा किंचित खाली झुकल्या, आणि डोळे दिसले.

तीन महिन्यांनी दुसरा लाइट पिशवीतून काढला. मागून, वरून, फक्त केसांवर, अगदी कमी पॉवरवर. पहिलाच फोटो धुक्यात काढल्यासारखा आला, कारण लाइट थेट लेन्समध्ये घुसत होता. त्याच काळ्या कागदाची पट्टी लाइटच्या कडेला चिकटवली आणि पुन्हा फोटो काढला. भावाचे काळे केस काळ्या भिंतीतून सुटे झाले होते.