तुम्ही विचारलंत म्हणून: रजेच्या जागेवर कुणी का येत नाही?

शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सोसायटीतले पालक मला जिन्यात गाठतात. "बाई, गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. सहा महिने काय ऑफ तासच का? दुसरं कुणी आणत का नाहीत?"

राजकारण्यांना विचाराल तर दोन उत्तरं मिळतील. विरोधक म्हणतील, सरकारला पगार वाचवायचाय. सरकार म्हणेल, आधी अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळांत सामावून घेणं, मग भरती. बाकं बदलली की उत्तरंही बदलतात. दोन्हींत तथ्य आहे, पण भांडण सगळं रिक्त पदांवरून. रजेची जागा कुणाच्याच भाषणात नसते.

मी स्वतः 1988 साली बी.एड. होऊन तीन महिन्यांच्या लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे अशाच रजेच्या जागेवर लागले. पहिला पगार हातात पडेपर्यंत मूळच्या बाई हजरसुद्धा झाल्या होत्या! तरी हौसेने गेले, कारण मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर राहायचं होतं. पुढच्या जूनमध्ये जागा निघाली आणि मलाच बोलावणं आलं. ही कामं अशी आशेवर चालायची. (त्या आशेचे पैसे पुढे काही संस्थाचालक मोजून घेऊ लागले, तेही सांगायला हवं.)

मे 2012च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली भरती जवळजवळ थांबली, आणि ती आशाही. शिक्षक भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर 2017मध्ये, दुसरीला 2023 उजाडलं. मधल्या काळात शिक्षक भरतीचं सरकारी ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं. मी त्याच्या बाजूचीच आहे, पाकिटाला आळा बसला. पण यादी लागते 200 गुणांच्या चाचणीवर. सहा महिने नववी ब सांभाळली, याला तिथे अर्धा गुणसुद्धा नाही. मग हुशार मुलगा अभ्यासिकेत बसेल, नाहीतर खासगी क्लासमध्ये शिकवेल. आमच्या वर्गात कशाला येईल?

त्यात मानधनाची तऱ्हा. जुलै 2023मध्ये जिल्हा परिषद शाळांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर घ्यायचं ठरलं. त्याच वेळी नव्याने निवडलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला (कायम होण्याआधी मानधनावर असलेल्या शिक्षकाला) मिळत होते 16,000, तेही वाढवून. आधी सहा हजारच होते. माझी एक निवृत्त मैत्रीण म्हणाली, "अगं, पेन्शन घेऊन वर पोरांपेक्षा जास्त घ्यायचे? लाज वाटते."

शेवटच्या वर्षी मी पर्यवेक्षिका होते. रोज सकाळी प्रॉक्सीची वही भरायची, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या तासांवर कुणाला पाठवायचं ते लिहायचं: दोघं निवडणुकीच्या कामाला, एक प्रशिक्षणाला, एक रजेवर. कंटाळून एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. एम.एस्सी., बी.एड., घरी बसून अभ्यास करत होती. म्हणाली, "येईन हो बाई. पण हे नंतर कुठे दाखवू?"

उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. परत केला नाही.