वाघानं नाही मारलं

भेकर, म्हणजे रानातलं लहानसं हरीण, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला पडलं होतं, मागचं अर्धं अंग पाण्यात. वीसेक किलोची मादी. सिंधुदुर्गातलं बरंचसं चांगलं रान खाजगी मालकीचं आहे, हे रानही तसंच. इथे कोणता प्राणी कुठून, कधी फिरतो याची कॅमेऱ्यांवरून नोंद ठेवणं हे आमचं काम, म्हणून मालकांचा पहिला फोन आम्हाला आला. त्यांना एवढंच सांगितलं: हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका, वनरक्षकांना कळवा. जमीन मालकाची, झाडं मालकाची, पण मेलेलं रानजनावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सरकारच्या मालकीचं. ते उचलून पुरून टाकलं तरी गुन्हा ठरू शकतो. हे अजून कितीतरी बागायतदारांना ठाऊक नसतं.

पोचेपर्यंत वाडीतली मंडळी जमली होती आणि निकालही लागला होता. "वाघानच मारल्यान," तात्या म्हणाले. वाघ म्हणजे इथे बिबट्या. पिंजरा लावायची मागणीही तिथेच, उभ्याउभ्या झाली.

पण बिबट्याची शिकार अशी दिसत नाही. बिबट्या दबा धरतो, गळा पकडतो, आवळून धरतो. झटापटीची जागा लहान असते. मग तो शिकार ओढत आडोशाला नेतो, वर जमलं तर पालापाचोळाही ओढतो. इथे व्हाळापासून वर निदान दीडशे मीटरपर्यंत करवीची झुडपं मोडलेली, माती उकरलेली, जागोजागी केसांचे पुंजके. म्हणजे लांबवर पळवलेलं जनावर. मागे कुत्री लागली की हरणं पाण्याकडे धावतात, त्यामुळे धावपळीचा शेवट पुष्कळदा पाण्यात होतो. कान फाटलेला, शेपटीचा लचका तोडलेला, मांड्यांवर दातांच्या उथळ खुणा आणि चिरफाटलेली कातडी. मांस जेमतेम मूठभर खाल्लेलं. कोळसुंद्यांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, मारलं असतं तर तासाभरात डोकं, कातडी आणि हाडंच उरली असती.

सुळ्यांमधलं अंतर मोजून प्राणी ठरवायची काही जणांना फार घाई असते. मोठ्या कुत्र्याचं माप आणि लहान मादी बिबट्याचं माप एकमेकांत मिसळतं. एकट्या त्या आकड्यावर कुणी निष्कर्ष दिला तर मानू नये. खरी साक्ष कातडीखाली असते. डॉक्टर आले तेव्हा वरवर बघून 'हिंस्र प्राण्याचा हल्ला' असं लिहून मोकळं होण्याचा त्यांचा बेत दिसत होता. वनपालांनी आग्रह धरला, म्हणून हनुवटीपासून छातीपर्यंत कातडी सोडवली गेली. आतून गळा स्वच्छ. भोक नाही, साकळलेलं रक्त नाही, स्वरयंत्र शाबूत. मग मांड्या उघडल्या. काळंनिळं रक्त स्नायूंत खोलवर मुरलेलं. चावा जिवंतपणी बसला तरच रक्त असं पसरतं. मेल्यानंतर कुणी लचके तोडले असते तर मांस फिकट राहिलं असतं. 'आधीच मेलेलं भेकर कुत्र्यांनी नंतर खाल्लं' ही पळवाट तिथेच बंद झाली. हे करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवल्यामुळे किती मेलेली जनावरं बिबट्याच्या नावावर चढली असतील, हा विचार पाठ सोडत नाही.

चाव्यांच्या कडेवरून लाळेचे नमुनेही घेतले. निर्जंतुक पाण्यात ओलावलेला कापसाचा बोळा, प्रत्येक जखमेला वेगळा, सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए वाया जातो. पाण्यात बुडालेल्या जखमांवरून नमुना घेण्यात अर्थ नसतो, तो कोरड्या अंगावरूनच घ्यायचा.

कासेत दूध होतं. म्हणजे पाडस जवळपास कुठेतरी दडलेलं असणार. माणसांच्या गर्दीने शोधून ते सापडत नाही, उलट उठून पळतं आणि कुत्र्यांच्या तोंडी जातं. म्हणून वरची सगळी बाजू माणसांना बंद केली. पाडस कॅमेऱ्यात अजून आलेलं नाही.

व्हाळाच्या वरच्या पायवाटेवर आमचा एक कॅमेरा होता. गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर, वाटेला तिरका. समोरासमोर लावला की जनावर जवळ येईपर्यंत सेन्सरला हालचाल उशिरा कळते. समोरचं गवत कापलेलं, नाहीतर उन्हात तापलेली पाती हलून कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. कोकणात आणखी एक दुखणं म्हणजे डब्यात घर करणाऱ्या मुंग्या. सिलिका जेलच्या पुड्या बदलताना रबरी कडा पुसली नाही की त्या शिरल्याच.

पहाटेच्या फोटोंत आधी भेकर, आणि मिनिटही उलटलं नाही तोच तीन कुत्री. उजेड नव्हता, म्हणून फोटो इन्फ्रारेडचे, काळे-पांढरे. पुढच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, बक्कल चमकतंय. दुसऱ्याच्या कानाला व्ही आकाराची खाच, म्हणजे नसबंदी झालेला. हा कुत्रा कागदावर यशस्वी काम म्हणून मोजला गेला आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटका कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. गल्लीपुरतं ते समजण्यासारखं आहे. पण ती गल्ली रानाच्या बांधाला लागून असेल तर काय करायचं? नसबंदीने पिल्लं थांबतात, पाठलाग थांबत नाही. अहवालात मात्र शस्त्रक्रियांचा आकडा असतो, कुत्रा पहाटे कुठे जातो याला रकाना नसतो. लसही बहुधा एकट्या रेबीजची. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग मोकळाच राहतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना मारणाऱ्या साथीत हाच विषाणू सापडला होता.

रानातला शिकारी भक्ष्य कमी झालं की स्वतःही कमी होतो. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं पोट वाडीत भरतं, म्हणून भेकरं, ससे, घोरपडी कितीही घटल्या तरी त्याची संख्या तितकीच राहते. इथे तर रस्त्याच्या वळणावर कोंबडीच्या दुकानांची घाण पोत्यांनी टाकली जाते, रानाच्या अगदी तोंडाशी. त्याच घाणीवर येणाऱ्या कुत्र्यांमागे बिबट्याही वाडीजवळ येतो, आणि मग पिंजरा मागितला जातो.

बैठकीत फोटो दाखवल्यावर पट्टा ओळखला गेला. कुत्रा जवळच्याच काजूबागेतल्या राखणीचा, रात्री मोकळा. बागवाल्यांनी तो संध्याकाळी बांधायचं मान्य केलं. बांधायचा तो दिवेलागणीपासून ऊन येईपर्यंत. पहाटे पाचला सोडला तर उपयोग नाही, ऐन शिकारीची वेळ तीच. घाणीसाठी व्हाळापासून लांब, पाण्याची पातळी खोल असलेल्या जागी माणूसभर खड्डा, प्रत्येक थरावर चुना आणि माती, शेवटी दोन फूट मातीचं झाकण. यापेक्षा उथळ खड्डा कुत्री रात्रीत उकरतात.

मालकांचा जोर अजून जाळीच्या कुंपणावर आहे. आमचा त्याला विरोध आहे. कुत्री खालून माती उकरून आत येतात, आणि पळणारं भेकर जाळीला जाऊन अडतं. आज त्याला निदान व्हाळापर्यंत धावता येतं.