बांगडा लावून पाइक, आणि परत जमलेली गँग

मासेमारीचे रॉड गॅरेजमधून बाहेर आले म्हटल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता परत माझ्या फ्रिजमध्ये अळ्या?" हो. इलाज नाही. मॅगॉट म्हणजे माशीच्या अळ्या, इथे फिशिंगच्या दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात, पांढऱ्या, लाल, मिक्स, आणि त्या गार ठेवल्या नाहीत तर आधी त्यांचे कोष होतात आणि मग एक दिवस डब्यातून माशा उडतात. तर तह असा झालाय की डबा दोन पिशव्यांत बांधून सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि झाकणाला चिकटपट्टी. पाहुणे यायचे असतील तर डबा बाहेर शेडमध्ये.

थोडं मागचं सांगतो. मी मूळचा चिपळूणचा, वाशिष्ठीवर गरी टाकून वाढलेला, आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडात मिल्टन कीन्सला. इथे आलो तेव्हा ऑफिसात चौघांचं टोळकं जमलं होतं. एक मी, एक नागपूरकर, एक पोलंडवाला आणि एक इथलेच वयस्कर गृहस्थ ज्यांना आम्ही पहिल्यापासून काका म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं. काकांनी आम्हाला या नादाला लावलं. मग पोरं झाली, नोकऱ्या बदलल्या, पोलंडवाला लेस्टरला गेला, काका रिटायर झाले, आणि कोणी मुद्दाम ठरवलं नाही पण बंदच पडलं सगळं. ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक आणि हॅपी दिवाळी. मागच्या उन्हाळ्यात काकांचाच मेसेज आला, गुडघा बदललाय, आता बसता येतं, कोण येतंय? अर्ध्या तासात तिघांचे होकार!

आता आईला फोनवर हे सांगितलं की ती दर वेळी एकच विचारते. "मग काय आणलंस?" काही नाही आणलं गं. "म्हणजे मिळालं नाही?" मिळालं, सोडून दिलं. यावर पलीकडे जी शांतता पसरते ती चिपळूणची माणसं समजू शकतील. बारा तास थंडीत बसून मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा, याला आमच्याकडे डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. मलाही आधी तेच वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पाइकच्या, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाच्या, बाबतीत माझं मत पार बदललंय आणि हे सगळं लिहायला घेतलंय ते त्यासाठीच.

इथला हिशोब असा आहे. सॅमन, ट्राउट हे गेम फिश. ते सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे बहुतेक सगळे कोर्स फिश, म्हणजे रोच, ब्रीम, पर्च, टेंच, चब, बार्बल, कार्प, आणि आमचा पाइक पण त्यातच. तेरा वर्षांवरच्या कोणालाही रॉड लायसन्स लागतं, सोळापर्यंत ते फुकट आहे, आणि लायसन्सशिवाय सापडलात तर अडीच हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या त्या पाण्याचं तिकीट किंवा क्लबची मेंबरशिप वेगळी. नद्या १५ मार्च ते १५ जून बंद, कारण तो विणीचा काळ. १६ जूनला परत उघडतात आणि त्या दिवशी काही लोक अक्षरशः मध्यरात्री बाराच्या ठोक्याला गळ टाकतात. तळी आणि बरेचसे कालवे मात्र वर्षभर चालू. खाण्यासाठी मासे न्यायलाच बंदी आहे असं नाही हां. इंग्लंडात नदीवरून दिवसाला एक पाइक नेता येतो, पण ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच, आणि २० सेंटिमीटरपर्यंतचे छोटे मासे पंधरा. तेही पाणी ज्याच्या मालकीचं त्याची परवानगी असेल तर, आणि क्लब ती जवळजवळ कधीच देत नाहीत.

या नियमात एक गंमत आहे बघा. लहान पाइक नेलात तर चालेल, मोठा नाही. आपल्याला उलटं वाटतं. पण मोठा पाइक म्हणजे जवळपास नेहमी मादी, आणि ती छोट्या पाइकना पण खाते. पूर्वी इथे ट्राउटच्या पाण्यातून मोठमोठे पाइक काढून मारायचे, ट्राउट वाचावेत म्हणून, आणि व्हायचं काय तर वरचा धाक गेल्यावर दोन-तीन पाउंडांचे छोटे पाइक भरमसाट वाढायचे आणि ते सगळे मिळून आणखी मासे फस्त करायचे. काका तरुण असताना स्वतः अशा कामाला गेलेत, ते सांगतात तेव्हा जरा ओशाळतातच.

तर पहिलं जमणं सप्टेंबरच्या शेवटी ग्रँड युनियन कालव्यावर झालं, लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा जुना मालवाहतुकीचा कालवा, आमच्या गावातूनच जातो. पाणी चहाच्या रंगाचं, कडेने पायवाट, कुत्री फिरवणारे लोक जाता जाता "काही मिळालं का" विचारणार आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे गेलेले. फ्लोट, म्हणजे दोरीवरचा पाण्यावर तरंगणारा बोंडूक, लावून रोच धरायचे होते. गळ १८ किंवा २० नंबरचा, आकडा मोठा तितका गळ बारीक, वीस नंबरचा गळ बोटावर धरला तर चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि इथेच कळलं की आम्हा सगळ्यांना आता चष्मे लागलेत. पोलंडवाल्याने दोरी ओवायला मोबाइलची बॅटरी लावली तेव्हा काका खूप हसले, कारण त्यांच्याकडे गळ आधीच बांधलेली पाकिटं होती.

रोचचं तंत्र म्हणजे थोडं थोडं पण सतत खिलवणं. प्रत्येक वेळी फ्लोट टाकला की आठ-दहा मॅगॉट त्याच्या आसपास भिरकावायचे, चुकवायचं नाही, भूक लागली म्हणून थांबायचं नाही. पहिला अर्धा तास काहीच होत नाही. मग फ्लोट जरासा थरथरतो, मग बुडतो, आणि मग एकदा थवा जमला की दोन मिनिटांना एक मासा. रोच चंदेरी, डोळा लाल, पंख शेंदरी, तळहाताएवढा. मधेच पर्च, हिरवट अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर काटेरी पंख, नागपूरकराने दोनदा बोट टोचून घेतलं. पर्च मात्र मला अजूनही तळून खावासा वाटतो. मीठ, हळद, तिखट, वरून रवा. काकांना बोललो तर ते म्हणाले, "आमची आजी बटरमध्ये तळायची." मग खायचं कधी बंद झालं? तर म्हणे स्वस्त कॉड मिळायला लागला आणि नद्या कारखान्यांनी घाण केल्या, मग कोण खाणार.

दुपारी एक नॅरोबोट गेली, पाणी ढवळलं, थवा पांगला. ती गेल्यावर मी एक छोटा रोच ओढत आणत होतो तर पाण्यात एकदम भोवरा झाला, रॉड पार वाकला, आणि पुढच्या क्षणाला दोरी सैल. वर आला तो नुसता धागा, कापलेला. सगळे उभे राहून बघतायत. पोलंडवाला म्हणाला, "पाइक." आणि संपलं, पुढचे दोन महिने ग्रुपवर दुसरा विषय नाही.

पाइकसाठी गार पाणी लागतं हे काकांनी आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. जुनी रीत म्हणजे १ ऑक्टोबरच्या आधी पाइकच्या मागे जायचं नाही. कारण असं की हा मासा धावपटू नाही, दबा धरून बसणारा आहे. एका झेपेत भक्ष्य पकडतो आणि मग थकतो. गळाला लागून झुंजला की त्याच्या स्नायूंची वाट लागते, त्यातून सावरायला ऑक्सिजन पाहिजे आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तोच कमी असतो. सोडलेला पाइक पोहत गेलेला दिसतो आणि नंतर कुठेतरी मरतो. ज्याच्या तोंडात शेकडो दात, ज्याच्या नावाने इथली पोरं पाण्यात पाय सोडायला घाबरतात, तो या सगळ्या माशांत सगळ्यात नाजूक निघाला. हे कळल्यावर माझा त्याच्याकडे बघायचा नजरियाच बदलला.

डिसेंबरमध्ये एका रविवारी पहाटे निघून फेन्समध्ये गेलो. केंब्रिजच्या वरचा हा सपाट मुलूख, सतराव्या शतकात फर्म्युडन नावाच्या डच इंजिनियरने दलदल उपसायचं काम घेतलं आणि मैलोन्‌मैल सरळसोट कालवे खणले. काही ठिकाणी जमीन समुद्रसपाटीच्या खाली, रस्ता खाली आणि पाणी वर. झाड नाही, आडोसा नाही, वारा थेट अंगावर. अशा पट्टीने आखल्यासारख्या पाण्यात मासा शोधायचा कसा? तर पाइक शोधायचाच नाही, त्याचं जेवण शोधायचं. थंडीत छोटे मासे पुलाखाली, बोटी बांधलेल्या असतात तिथे, गावाच्या जवळ गर्दी करतात, पाइक तिथेच आसपास. आणि एका जागी बसून राहायचं नाही, अर्ध्या पाऊण तासाने मागचा रॉड उचलून सगळ्यात पुढे लावायचा, असं करत करत काठ पालथा घालायचा.

आणि आमिष काय, तर बांगडा! इथला बांगडा आपल्यापेक्षा लांबट, पाठीवर नागमोडी पट्टे, पण तेल तसंच आणि वास तसाच. थंडीत पाइक पळापळ करायला कंटाळतो, तळाशी पडलेला मेलेला मासा वासावर येऊन उचलतो, म्हणून तेलकट मासा लागतो. बांगडा, तारली, हेरिंग, आणि स्मेल्ट म्हणून एक असतो त्याला चक्क काकडीचा वास येतो. मी बांगड्याचे शेपटीकडचे अर्धे तुकडे करत होतो आणि जीव तुटत होता, इतका ताजा माल. डोक्याकडचे तुकडे मी वेगळ्या पिशवीत ठेवले. कोणी काही म्हणालं नाही, सगळ्यांना कळलं.

गळाच्या वर वायरचा ट्रेस, म्हणजे दोरीच्या टोकाला धातूच्या तारेचा तुकडा, लावायचाच, इथे तडजोड नाही. नुसती नायलॉनची दोरी असेल तर दात ती कापतात, कालव्यावर बघितलंच, आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. तेव्हा माझा बारीक गळ होता म्हणून ठीक, इथे तीन टोकांचे दोन गळ असतात, ते घशात राहिले तर तो खाऊ शकत नाही. दुसरं म्हणजे दोरी हलली की लगेच ओढायचं. पूर्वी लोक पाइकला आमिष गिळायला वेळ द्यायचे, सिगारेट ओढून होईपर्यंत थांबा म्हणायचे, मग गळ पार पोटात. तेव्हा मासा घरी न्यायचा किंवा काचेच्या पेटीत भरून पबच्या भिंतीवर लावायचा, त्यामुळे कोणाला फरक पडत नव्हता.

साडेअकराला नागपूरकराचा इंडिकेटर, म्हणजे मासा लागला की खाली पडणारी दोरीवरची खूण, पडला. हा माणूस पक्का शाकाहारी, बांगड्याला हात लावत नाही, त्याचं आमिष दर वेळी मी लावून देतो, आणि आजवर त्याला पाइक कधीच लागला नव्हता. आम्ही तिघं ओरडतोय, "ओढ, ओढ!", तो म्हणतोय, "अबे थांब ना बे!", आणि तोवर दोरी सुटायला लागली. सुरुवातीला तो मासा नुसता जड होता, काठाजवळ येईपर्यंत निवांत आला, मग जाळं दिसलं आणि असा उसळला की काकांच्या नव्या गुडघ्यापर्यंत पाणी.

मग खरं काम. काठावर जाड ओली मॅट, तिच्यावर मासा उताणा, डाव्या हाताची दोन बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून आत सरकवून हनुवटीच्या हाडापर्यंत न्यायची, लाल कल्ल्यांना लागू द्यायचं नाही, आणि हळूच वर उचललं की तोंड आपोआप उघडतं. आत टाळूवर दातांच्या रांगा, सगळे मागे झुकलेले, आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून. काकांनी लांब चिमट्याने दोन्ही गळ अर्ध्या मिनिटात काढले. हिरव्या अंगावर पिवळसर ठिपके, पोट फुगीर, मादी. वजन चौदा पाउंड, म्हणजे सहा किलोच्या वर. रेकॉर्ड वगैरे काही नाही, ब्रिस्टलजवळच्या च्यू व्हॅलीत फेब्रुवारी २०२४ मध्ये ४७ पाउंड ५ औंसचा निघालाय, जवळजवळ साडेएकवीस किलो. पण नागपूरकराचे हात थरथरत होते. एक फोटो, आणि लगेच पाण्यात. सोडताना ढकलायचं नाही, पोटाखाली हात देऊन सरळ धरून ठेवायचा, तो स्वतः निघेपर्यंत. बोटं बधिर झाली होती पण नागपूरकर हात काढेना. मग शेपटीचा एक फटका देऊन ती गेली.

पोलंडवाल्याने गाडीत विषय काढलाच. त्यांच्याकडे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी कार्प पाहिजेच आणि पाइक भरून शिजवतात, त्याची आई फोनवर माझ्या आईसारखंच विचारते. चव चांगली असते म्हणाला, पण काटे इंग्रजी वाय अक्षरासारखे फुटलेले, आमच्या पाला माशासारखे (म्हणजे हिलसासारखे) निगुतीने खावे लागतात. मी म्हटलं, पाला खाणाऱ्याला काट्याची भीती नको घालू. पण तू नेला असतास का आजचा? तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "चौदा पाउंडांची? नाही. तीन पाउंडांचा असता तर आईचा विचार केला असता." माझंही साधारण तेच आहे. आणि आमच्या क्लबच्या पाण्यावर तो पण नेता येत नाही, हा भाग वेगळा.

डोक्याकडच्या तुकड्यांचं रात्री तिरफळ घालून तिखलं केलं. बायको म्हणाली चला, काहीतरी तरी आणलंत.

आता नद्या १४ मार्चपर्यंत उघड्या आहेत. बेडफर्डच्या वरच्या अंगाला ग्रेट ऊज नदीवर चबसाठी जायचं ठरतंय, ब्रेडचा गोळा लावून, काकांना तिथे वाळूचा सपाट काठ आहे म्हणून बसायला बरं पडतं. नागपूरकराने दरम्यान स्वतःसाठी पाइकचा रॉड मागवलाय, आमच्या तिघांचे मिळून होतील त्यापेक्षा महाग, आणि सोबत आमिष लावायला रबरी हातमोजे.