स्क्रीनवर सगळं ठीक, शॉक मात्र गेलेला

तक्रार एवढीच होती की गाडी मागून डुलते. लांबच्या वळणात जास्त, आणि तास-दीड तास चालवल्यावर तर फारच. मोठी टूरिंग मोटरसायकल, सस्पेन्शन इलेक्ट्रॉनिक, मीटरवर एकही दिवा नाही. मालक आधी दुसरीकडे दाखवून आला होता. तिथे स्कॅनर लावला, कोड आला नाही, मग शॉक (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉक अब्सॉर्बर) ठीक आहे असं सांगून मागचा टायर बदलून दिला. त्या नव्या टायरवर मी तळवा फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की बोटं अडतात. रबर खड्डे-खड्डे पडून झिजायला लागलं होतं. चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारतंय, हे तिथेच कळलं.

"पण स्क्रीनवर काहीच दाखवत नाही हो," मालक म्हणाला.

दाखवणार कसं? सिस्टिमला कळतं ते विजेतलं. वायर तुटली, व्हॉल्व्ह हलवणारा सोलेनॉइड जळाला, सेन्सरचा सिग्नल गेला, की लगेच दिवा. शॉकमधलं तेल पातळ झालं, त्या तेलावर दाब ठेवणारा गॅस गेला, रॉडला सरळ धरणारा बुश झिजला, यातलं तिला काही कळत नाही. स्विंगआर्मपाशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी, बसलेला सेन्सर चाक किती आणि किती वेगाने वर-खाली होतंय ते सांगतो. त्यावरून कंट्रोलर व्हॉल्व्हला अमुक इतका करंट देतो आणि गृहीत धरतो की आता तेलाची वाट तेवढी अरुंद झाली, म्हणजे शॉकने तेवढा अटकाव केलाच असणार. तो अटकाव खरंच झाला का, हे मोजणारं त्या गाडीत काहीच नव्हतं.

सुरुवातीच्या सिस्टिम तर आणखी साध्या. बीएमडब्ल्यूने 2004 मध्ये के1200एसवर ईएसए (बटणाने बदलणारं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन) दिला तेव्हा बटण दाबलं की मोटर सेटिंग फिरवायची, बस्स. आता व्हॉल्व्ह मिलिसेकंदांत बदलतो. पण वाहतं ते तेलच, आणि तेलाला वय असतं.

इंजिन चालू ठेवून सीटवर जोर देऊन गाडी दाबली. सर्वात मऊ मोड, मग सर्वात कडक. फरक हाताला लागायला हवा होता, लागला नाही. दोन्हीकडे मागची बाजू झटकन वर येऊन पुन्हा एकदा हलायची. सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते मोजलं, तो मात्र अगदी बरोबर, ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. फसगत होते ती इथेच. वजन पेलते स्प्रिंग, आणि प्रीलोडची (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाची) मोटर स्प्रिंगला हवं तेवढं दाबून उंची राखते. ते काम चोख चाललं होतं. उसळणं थांबवण्याचं काम डँपरचं, म्हणजे शॉकमधल्या तेलाच्या भागाचं, आणि तो संपला होता. मालकाला हळूहळू डुलणं जाणवत गेलं तसा तो एकेक मोड कडक करत गेला होता. त्यामुळे दुखणं बरेच दिवस झाकून राहिलं.

शॉक काढायच्या आधी स्क्रीनवरूनच प्रीलोड सगळा खाली आणून घेतला, म्हणजे पुढे स्प्रिंग काढताना झटापट होत नाही. मग बॅटरी सोडली आणि दोन्ही कपलर काढले, एक व्हॉल्व्हचा, एक मोटरचा. स्प्रिंग उतरवून रॉड हाताने आत ढकलला. थोडं अंतर तो नुसताच गेला, मग आत चुळुक आवाज, आणि तिथेच राहिला. निरोगी शॉकचा रॉड आपणहून बाहेर येतो. आत 10 बार दाब असेल तर 16 मिमीच्या रॉडला सुमारे 20 किलोचा धक्का बसतो. इथे रॉड जागचा हलला नाही. खाली तेल कधी टपकलं नव्हतं, कारण जे झिरपत होतं त्यावर धूळ बसून सीलच्या ओठाभोवती काळी खळ झाली होती. वरून बघणाऱ्याला ती नुसती घाण वाटेल.

कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे हा शॉक उघडायचा नाही, अख्खा बदलायचा. मला ते पटत नाही. उरलेला गॅस सुईने आधी सोडला (हे न करता सर्क्लिपला, म्हणजे झाकण अडवणाऱ्या कडीला, हात लावणं म्हणजे डोळा गमावायची तयारी), मग सील हेड (रॉडभोवतीचं सीलचं झाकण) बाहेर काढलं. तेल करडं, त्यात धातूची चमक, जळका वास. रॉडच्या क्रोमवर नख फिरवलं, कुठे अडलं नाही, म्हणजे रॉड वाचला. बुश मात्र एकाच बाजूने खाल्लेला. टेफ्लॉनचा करडा थर जाऊन खालचं पिवळं ब्राँझ उघडं पडलेलं.

एकाच बाजूने का? शॉक नुसता जुना झाला असता तर बुश गोलाकार, सारखा झिजला असता. म्हणून खाली लिंकेजकडे, शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांकडे, गेलो. बोल्ट काढल्यावर नीडल बेअरिंगमधून (बारीक सुयांवर फिरणारं बेअरिंग) लाल गंज सांडला. ग्रीसचा मागमूस नाही, सुया जागेवर अडकलेल्या. प्रेशरच्या पाण्याने वारंवार धुतलेल्या गाड्यांत हे मी नेहमी बघतो. सांधा वळेना म्हणून शॉकवर आडवा जोर येत होता. त्या जोराने बुश गेला, बुशाने सील नेलं. फक्त सील बदलून गाडी दिली असती तर तेच दुखणं पुन्हा आलं असतं.

बेअरिंग, बुश, सील, तेल सगळं नवं. वेळ गेला तो हवा काढण्यात. साध्या शॉकमध्ये पिस्टन सावकाश वर-खाली केला की बुडबुडे निघतात. इथे तेलाला व्हॉल्व्हमधूनही वाट असते आणि त्या कोपऱ्यात हवा दडून बसते. बेंच सप्लायवरून करंट मर्यादित ठेवून व्हॉल्व्ह उघड-बंद करत, व्हॅक्यूमखाली तेल भरलं. प्रत्येक वेळी टिक् आवाज आणि दोन-चार मोहरीएवढे बुडबुडे. ते यायचे थांबेपर्यंत दुसरं काही करता येत नाही.

गॅस कारखान्यात रबरी बुचातून सुईने भरलेला होता. त्या जागी आटे पाडून व्हॉल्व्ह बसवला आणि नायट्रोजन भरला. साधी हवा चालत नाही, तिच्यातल्या ओलाव्याने दाब तापमानाबरोबर भलताच बदलतो. दाब कमी पडला की पिस्टनच्या मागे तेलात फेस होतो, आणि फेस कशालाच अडवत नाही. आता रॉड ढकलला तर कष्टाने आत गेला आणि एका संथ गतीने पूर्ण बाहेर आला. गाडीवर चढवून कपलर जोडले, उंचीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करून घेतलं.

मालक एक चक्कर मारून आला तो कुरकुरत. "डुलणं गेलं, पण पाठ मोडते हो! भलतीच कडक झाली."

मी स्क्रीन बघितली. मोड अजून सर्वात कडकच होता.