अजिंठ्याला फ्रेस्को म्हणू नका

लंडनमध्ये अजिंठ्याचा विषय निघाला की पुढचा शब्द 'फ्रेस्को' हा ठरलेलाच. पोस्टकार्डावर फ्रेस्को, व्याख्यानात फ्रेस्को, जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजिंठ्याचं काहीही मिळालं तरी त्याच्या शीर्षकात फ्रेस्को. आपला 'भित्तिचित्र' हा शब्द किती चोख आहे हे इथे आल्यावर कळतं. भिंतीवरचं चित्र, बस्स. ते कसं काढलं याबद्दल तो शब्द काहीच ठरवून टाकत नाही. फ्रेस्को हे मात्र एका ठरावीक तंत्राचं नाव आहे आणि ते तंत्र अजिंठ्याचं नाही. एका शब्दासाठी एवढं कशाला ताणायचं, असं इथे लोक विचारतात. ताणायचं अशासाठी, की हा शब्द ज्या नजरेतून आला ती नजर नुसती बघून थांबली नाही, तिने चित्रांना हातही लावला.

आधी तंत्राचं बोलू. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात. रंग नुसत्या पाण्यात कालवलेला असतो, त्यात डिंक नाही की सरस नाही. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. गिलावा काही तासांत आवळतो, म्हणून चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपतो. भिंतीवर बाजूने तिरपा उजेड टाकला की या रोजच्या तुकड्यांचे सांधे दिसतात.

अजिंठ्यात असे सांधे नाहीत, कारण तिथला गिलावा मुळात मातीचा आहे. बेसॉल्टचा कातळ छिन्नीने खडबडीत ठेवला, म्हणजे माती धरून राहील. त्यावर भाताची तुसं, गवत, झाडपाल्याचे तंतू मिसळलेल्या मातीचा जाड थर, वर बारीक मातीचा दुसरा, आणि सगळ्यात वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर गेरूने रेखाटन आणि मग सरस-डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, आपल्याच बेसॉल्टमधून मिळणारी हिरवी माती, काजळी, पांढरा. एकटा निळा परदेशी. तो लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. शेवटी काळ्या किंवा तपकिरी रेषेने आकार पुन्हा पक्के केलेले. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. गिलाव्यात काय मिसळायचं याचा विचार त्या कारागिरांनी केवढा केला होता!)

या फरकाचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. खरा फ्रेस्को ओल्या फडक्याने हलकेच पुसला तर बहुतेक वेळा टिकतो. अजिंठ्याच्या रंगाला पाणी लागलं की सरस सुटतो आणि रंग फडक्यावर येतो. मातीतली तुसं आणि तंतू कसरीला खायला मिळतात, मग गिलावा आतून पोकळ होतो आणि वरून धड दिसणारं चित्र एक दिवस पापुद्र्यासकट खाली येतं. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून पाणी झिरपतं ते वेगळंच. अशा भिंतीला श्वास घेऊ द्यावा लागतो. तिच्यावर चकचकीत बंद थर चढवणं हे सगळ्यात वाईट. नेमकं तेच झालं, आणि एकदा नाही, दोनदा.

भारतातल्या जुन्या वास्तूंचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन 1839 मध्ये लेणी बघून गेला, 1843 मध्ये त्याने त्यांवर निबंध वाचला आणि या चित्रांच्या नकला करून घ्या असं त्याने कंपनी सरकारच्या गळी उतरवलं. 1844 मध्ये मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल या कामावर आला. पुढची जवळपास वीस वर्षं तो कॅनव्हासवर तैलरंगात पूर्ण आकाराच्या नकला करत राहिला. सुमारे तीस चित्रं तयार झाली, लंडनला गेली, सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी. 1872 ते 1885 या काळात, मध्ये काही वर्षांचा खंड धरून, त्यांनी सुमारे तीनशे नकला केल्या. त्याही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आल्या. 1885 मध्ये तिथेही आग लागली आणि शंभराहून जास्त कॅनव्हास गेले. भिंतीवरचं मूळ चित्र दीड हजार वर्षं टिकलं आणि सुरक्षित म्हणून परदेशी पाठवलेल्या नकला वीस वर्षांत दोनदा जळाल्या. 'तुमच्याकडे राहिलं असतं तर काय झालं असतं' हा प्रश्न इथे हमखास येतो, तेव्हा हे दोन आकडे पाठ असावेत.

उरलेल्या नकला मात्र बघायलाच हव्यात, आणि त्या बघताना ऊर भरून येतो. हे हात मुंबईच्या विद्यार्थ्यांचे आहेत. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक, पुढे स्वतंत्र चित्रकार म्हणून नावाजलेले. भिंतीवर जिथे चित्र गळून गेलं होतं तिथे त्यांनी मनाने काही भरलं नाही, रिकामी जागा रिकामीच ठेवली. त्यामुळे त्यानंतर आजपर्यंत काय काय नाहीसं झालं याचा तो पुरावा आहे. पण याच मोहिमेत चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश चढवलं गेलं. तैलचित्राला वॉर्निश लावतात, त्याने रंग खुलतात, ही युरोपातल्या स्टुडिओतली रोजची सवय. ती मातीच्या भिंतीवर आली.

ग्रिफिथ्सना अजिंठ्याचं मनापासून वेड होतं, याबद्दल शंका नाही. 16 नंबरच्या लेण्यातल्या एका चित्राबद्दल त्यांनी लिहिलं, की करुणा, भाव आणि गोष्ट सांगण्याची हातोटी यांत कलेच्या इतिहासात याला कुणी मागे टाकू शकणार नाही. फ्लोरेन्सच्या चित्रकाराचं रेखाटन सरस ठरलं असतं, व्हेनिसच्या चित्रकाराचे रंग सरस ठरले असते, पण याहून जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता. एवढी मोठी दाद, तीही फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या फूटपट्टीने मोजून. रेखाटनात अजिंठा उणा हे कुठून आलं? अजिंठ्याचं सगळं बळ तर रेषेत आहे! 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व जवळून बघा. भुवईची रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये भरते, पुन्हा निमुळती होते. नाकाच्या दांड्यावर उजळ रंगाचा एकच फटकारा आणि तेवढ्यात नाक भिंतीतून पुढे येतं. छाया एका बाजूने पडलेल्या उजेडाची नाही, आकार कडांकडे गडद होत जातो. चित्रकलेवरच्या आपल्या जुन्या चित्रसूत्रात या छायांकनाला वर्तना म्हटलंय आणि तिचे पत्रज, ऐरिक, बिंदुज असे तीन प्रकार दिलेत. तैलरंगातल्या नकलेत ही रेषा मऊ पडते आणि चेहऱ्यावर खिडकीतून आल्यासारखा उजेड येतो. नक्कल करणाऱ्याचा तो दोष नव्हे, त्याला शिकवणच तशी होती.

त्या 16 नंबरच्या चित्राचं इंग्रजी नाव 'मरणासन्न राजकन्या'. ती मरत नाहीये. ती सुंदरी आहे, नंदाची बायको. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट सेवकाने घरी आणून दाखवला आणि तो बघून ती कोसळली. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, मागून एकीने सावरलंय, दुसरी तिचा हात धरून तोंडाकडे बघतेय. मुकुट घेऊन आलेला माणूस तिथेच आहे. मुकुट ओळखला नाही तर चित्र नुसतं मरणाचं होतं, ओळखला की ते संसार सुटण्याचं होतं. नाव मात्र अजून तेच चालतंय.

ही फूटपट्टी किती जड होती ते 1910 मध्ये दिसलं. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये जॉर्ज बर्डवुडने जावामधल्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, की चरबी घालून उकडलेलं पुडिंगसुद्धा आत्म्याच्या शांतीचं प्रतीक म्हणून एवढंच चालेल. हा माणूस परका नव्हता. बेळगावात जन्मलेला, भायखळ्याच्या आपल्या संग्रहालयाच्या उभारणीत पुढे असलेला. आपल्या भांड्यांवर, कापडावर, दागिन्यांवर त्याने भरभरून लिहिलं. पण मूर्ती आणि चित्र म्हणजे उच्च कला, आणि ती भारतात असूच शकत नाही, हे त्याच्या मनात पक्कं होतं. विल्यम रोथेन्स्टाइन आणि इतर कलावंतांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून जाहीर विरोध केला आणि त्याच वर्षी भारतीय कलेची ओळख करून देणारी इंडिया सोसायटी स्थापन झाली. इथली ही गोष्ट मानावी लागते, चुकलेल्याला त्याच्याच गावातले लोक जाहीरपणे सांगतात.

क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही या सगळ्यांत वेगळी बाई. चित्रकलेच्या तंत्रावरच्या चेन्निनीच्या जुन्या इटालियन ग्रंथाचं तिने इंग्रजी भाषांतर केलं होतं, टेम्पेरा, म्हणजे चिकट पदार्थात कालवून कोरड्या पृष्ठावर लावायच्या रंगांत ती स्वतः काम करायची. म्हणजे ओली भिंत आणि कोरडी भिंत यातला फरक तिला पुस्तकातून नव्हे, हाताने माहीत होता. 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत ती अजिंठ्यात राहिली, नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तरुण कलकत्त्याहून तिच्या मदतीला आले. या मुलांनी पुढे आपल्या चित्रकलेला जे वळण दिलं त्यात त्या हिवाळ्यांचा वाटा मोठा आहे. 1915 मध्ये तिच्या नकला पुस्तकरूपाने निघाल्या. आणि शीर्षकात? पुन्हा फ्रेस्को.

त्यानंतरची गोष्ट सगळ्यात लागते. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. गुलाम याझदानींच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 1922 मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, ते काम झालं नसतं तर आज बरंच काही भिंतीवर नसतं. हे श्रेय त्यांचंच. पण वरून त्यांनी चपडा लाखेचा थर दिला, आपले सुतार फर्निचरला पॉलिश करतात तीच लाख. लाख जुनी झाली की पिवळी, मग तपकिरी होते. आवळते, तडकते, आणि तिचा पापुद्रा वर वळताना खालचा रंग घेऊन निघतो. काळ जाईल तशी ती स्पिरिटमध्येही सहज विरघळत नाही, म्हणून काढताना जास्त जहाल द्रावण लागतं आणि रंगाला धोका वाढतो. पिवळ्या थराखालून लाजवर्दाचा निळा हिरवट दिसतो. अजिंठ्याचा 'जुना सोनेरी रंग' म्हणून जो वाखाणला जातो त्यात लाखेचाही वाटा आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली काही दशकं हा थर कणाकणाने उतरवत आहेत.

भिंतींवर नावं आपणही कोरली, नाकारण्यात अर्थ नाही. 1819 मध्ये लेण्यांपर्यंत पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज फौजी अधिकाऱ्यानेही 10 नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. पण नाव कोरणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत नव्हतं. लाख लावणारे त्या विद्येतले जाणकार होते, म्हणून त्यांचा हिशेब मी वेगळा मांडते.

तुम्हाला या नकला घरबसल्या बघता येतील. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संकेतस्थळावर संग्रहाच्या शोधात अजिंठा आणि ग्रिफिथ्स ही दोन नावं एकत्र टाका. बहुतेक नोंदींत लेण्याचा क्रमांक मिळतो. तो धरून याझदानींच्या अजिंठ्यावरच्या सचित्र ग्रंथातलं तेच चित्र शेजारी ठेवा आणि आधी निळा बघा, मग रिकाम्या जागांच्या कडा, मग रेषा. मूळ भिंतीपर्यंत जाल तेव्हा चमक बघा, चमकतं तिथे वॉर्निश नाहीतर लाख आहे. अजिंठ्याचा स्वतःचा रंग चमकत नाही.

आणि संग्रहालयात या नकलांखालच्या फलकावर काय लिहायला हवं तेही सांगते. 'मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या भिंतीवर, सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेल्या चित्राची तैलरंगातली नक्कल.' खाली ग्रिफिथ्सचं नाव, आणि त्याच आकाराच्या अक्षरांत ज्या विद्यार्थ्याने ती केली त्याचं.