गाडी अंगणातच उभी होती

गुरुवारी साडेअकराला जिजी एफडीची पावती घेऊन माझ्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या. कराडजवळच्या या शाखेत मी दहा वर्षं आहे. दर तीन महिन्यांनी व्याज बघून जाणाऱ्या जिजींनी पावती मोडायची गोष्ट कधी काढली नव्हती. "तीन लाख आत्ताच्या आत्ता पाठव पोरी. पिंट्याला लागलंय." (नातवाचं नाव मी बदललंय.)

हातात चिठ्ठी. शेजारच्या मुलाच्या अक्षरात खाते क्रमांक, आयएफएससी कोड. सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आलेला: मोटारसायकलचा अपघात, संगमनेरचा दवाखाना, पैसे भरल्याशिवाय ऑपरेशन नाही. दहा वाजता त्याच मुलाच्या यूपीआयवरून वीस हजार गेलेही होते.

कोड टाकून पाहिला, तर शाखा दुसऱ्याच राज्यातली. चिठ्ठीवरचं नावही दवाखान्याचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. "जिजी, जरा थांबूया," म्हटलं, तशा त्या कडाडल्या. "फोनवाल्याला गाडीचा नंबर पाठ होता! मला जिजी म्हणाला. पोरगं हरिश्चंद्रगडाला गेलंय, हेसुद्धा ठाऊक. लबाडाला हे कोण सांगंल?"

नातवाचा फोन बंद. मी इन्स्टाग्रामवर त्याला शोधलं. खातं सगळ्यांना खुलं होतं आणि जिजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच पडलेलं होतं. दसऱ्याला घेतलेली नवी गाडी, हार घातलेली, नंबरप्लेट स्पष्ट. मग दिवाळीतली पोस्ट: 'आमच्या जिजीच्या हातची कांदा-लसूण चटणी', ऑर्डरसाठी जिजींचा मोबाइल नंबर आणि गावाचं नाव. आणि आदल्या संध्याकाळचा, गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातला फोटो: 'उद्या गड! शनिवारपर्यंत नो नेटवर्क.'

माझ्या अंगावर काटा आला तो या शेवटच्या ओळीने. नातू दोन दिवस फोन उचलणार नाही, हे चोराला त्यानेच कळवलं होतं. मला त्याचा राग मात्र आला नाही. आजीची चटणी चार घरी जावी म्हणून मायेनं टाकलेला नंबर होता तो.

पाचनईच्या फोटोत मागे जेवणाची सोय करणाऱ्या घराची पाटी होती. फोटो मोठा करून नंबर वाचला, फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"पुण्याची पोरं ना? पिठलं-भाकरी खाऊन सकाळीच गड चढली की. गाड्या आमच्या अंगणात हायेत."

जिजी काउंटरवर ओणवल्या. "निळी गाडी हाय का?"

"हाय. पुढं लिंबू-मिरची बांधलीया, काळ्या दोऱ्यात."

"मीच बांधली," जिजी म्हणाल्या आणि मटकन बाकावर बसल्या. ते लिंबू कुठल्याच फोटोत नव्हतं.

मग घाई केली. शेजारच्या मुलाला बोलावून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, यूपीआय व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक दिला. पैसे पुढच्या खात्यांत जाऊन काढले जाण्याआधी कळवलं, तर ते तिथल्या तिथे रोखता येतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचं. आठ हजार पाचशे अडकवता आले. बाकीचे तोवर निघून गेले होते. तीन लाखांची पावती जिजींच्या पिशवीत परत गेली.

सोमवारी नातू आला, डोळे सुजलेले. खातं खासगी केलं, नंबरप्लेटचा फोटो तिथून काढून टाकला, चटणीसाठी वेगळं सिम घेतलं. पण जिजींचा नंबर किती ग्रुपांवर फिरून गेलाय, ते आता त्याच्या हातात नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. घरच्यांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवावा, असंही सुचवलं. पैशासाठी कुणाचाही फोन आला, तर आधी तो विचारायचा.

परवा व्याज बघायला जिजी आल्या. "शब्द ठरलाय आमचा," म्हणाल्या. "पर तुलाबी सांगायचा न्हाई."

मी पासबुक भरून त्यांच्या हातात दिलं.